निषाद डळमळला नव्हता

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

बडोद्यात झालेल्या दिवाळी पहाटेच्या भावगीत-कार्यक्रमाचे परीक्षण आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचले. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमाला एवढी जागा सहसा मिळत नाही, तेव्हा आधी त्याबद्दल आभार मानते. मात्र त्या परीक्षणातले एक विधान दुरुस्त व्हावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे. मध्यंतरानंतर एका तरुण गायिकेने पटदीप रागाच्या अंगाने जाणारे एक भावगीत गायले. त्यात तिचा निषाद, म्हणजे सरगममधला ‘नी’, डळमळीत होता आणि तो वारंवार चढा लागत होता, असे परीक्षकांचे म्हणणे आहे. मी तिसऱ्या रांगेत बसून ते गाणे ऐकले. गेली तीस वर्षे मी दांडिया बाजारात मुलांना पेटी शिकवते आणि नाट्यगीतांच्या व भजनांच्या कार्यक्रमांत साथ करते, त्यामुळे गाणाऱ्याच्या स्वराकडे कान लावून बसण्याची सवयच जडली आहे. त्या मुलीचा निषाद जिथे असायला हवा तिथेच होता. चुकली होती ती त्या निषादाखाली वाजणारी कॉर्ड, म्हणजे साथीला एकत्र धरलेले सूर.

(तिसऱ्या प्रहराचा, म्हणजे दुपारचा, पटदीप पहाटे कसा, असा प्रश्न चहाच्या वेळी काही जाणकारांनी काढलाच. भावगीताला घड्याळ लावू नये, एवढेच मी म्हणेन.)

घडले ते असे. गायिकेची पट्टी काळी चार होती, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी हा तिचा षड्ज (सा). मुखड्याच्या पहिल्या ओळीला कीबोर्डवर काळी चार, पांढरी सात, काळी दोन आणि काळी तीन हे चार सूर एकत्र धरले जात होते. म्हणजे षड्ज, कोमल गंधार (ग), पंचम (प) आणि कोमल निषाद; कोमल म्हणजे शुद्ध स्वरापेक्षा एक पट्टी खालचा. या चार स्वरांच्या कॉर्डला मायनर सेव्हन्थ म्हणतात. गायिका मात्र त्याच वेळी शुद्ध निषादावर, म्हणजे पांढरी पाचवर, ओळ टेकवत होती. काळी तीन आणि पांढरी पाच या एकमेकींना लागून असलेल्या पट्ट्या आहेत आणि त्या एकदम वाजल्या की स्वर एकमेकांना घासतात. शिवाय कीबोर्डचा आवाज स्पीकरमधून अखंड येत होता, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या कानाने कोमल निषादालाच या गाण्याचा निषाद मानले आणि गायिकेचा शुद्ध निषाद त्या मापाने चढा ठरला. भीमपलास आणि पटदीप यांचे बाकीचे स्वर सारखेच आहेत; भीमपलासात निषाद कोमल आहे, पटदीपात शुद्ध, आणि पटदीपाची सारी ओळख त्या एका स्वरावर आहे. तेव्हा सरळ सांगायचे तर ती मुलगी पटदीप गात होती आणि कीबोर्ड तिला भीमपलासाची साथ करत होता.

कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलाला दोष देऊन मोकळे होता आले असते, पण कार्यक्रमानंतर मी त्याच्याशी बोलले आणि जे कळले ते मला महत्त्वाचे वाटते. गाण्याचे संयोजन ज्यांनी केले होते, त्यांनी त्या ओळीवर योग्य कॉर्ड लिहून दिली होती: मायनर मेजर सेव्हन्थ. त्याने ती यादी मोबाइलवर उतरवून घेताना मधला ‘मेजर’ गाळला. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, “काकू, एकाच नावात मायनर पण आणि मेजर पण, हे कसं शक्य आहे? मला वाटलं, लिहिताना चूक झाली असेल.” त्याचे उत्तर प्रामाणिक होते. हे नाव खरोखरच माणसाला गोंधळात टाकणारे आहे आणि पेटी-कीबोर्ड शिकवणाऱ्या आम्हा मंडळींपैकी फारच थोडे लोक ते नीट समजावून सांगतात. म्हणून हे पत्र थोडे लांबत आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

आपल्या सरगमच्या भाषेत ही गोष्ट अगदी सोपी होते. षड्ज आणि पंचम हे अचल स्वर तसेच ठेवावेत. गंधाराचे कोमल आणि शुद्ध असे दोन पर्याय, निषादाचेही तेच दोन. यांतून चार कॉर्ड तयार होतात. दोन्ही शुद्ध घेतले तर मेजर सेव्हन्थ. दोन्ही कोमल घेतले तर मायनर सेव्हन्थ. गंधार शुद्ध आणि निषाद कोमल घेतला तर जिला आपले वादक नुसते ‘सेव्हन’ म्हणतात ती. उरलेला चौथा पर्याय म्हणजे कोमल गंधार आणि शुद्ध निषाद, आणि हीच मायनर मेजर सेव्हन्थ. नावातला ‘मायनर’ हा गंधाराविषयी बोलतो आणि ‘मेजर’ निषादाविषयी. दोन विशेषणे दोन वेगवेगळ्या स्वरांची आहेत, त्यामुळे त्यांत विरोध काहीच नाही. पांढरी एक षड्ज धरली तर पांढरी एक, काळी दोन, पांढरी पाच आणि पांढरी सात अशी चार बोटे पडतात. पांढरी सहावरून हीच कॉर्ड वाजवायची तर पांढरी सहा, वरची पांढरी एक, पांढरी तीन आणि काळी चार.

हे इतके सोपे असूनही ही कॉर्ड मुलांच्या हाती का येत नाही, यामागे यंत्राचाही थोडा वाटा आहे. एका-दोन बोटांत तयार कॉर्ड देण्याची जी सोय घरगुती कीबोर्डमध्ये असते, तीत साधारणपणे मेजर, मायनर, सेव्हन्थ आणि मायनर सेव्हन्थ एवढेच प्रकार मिळतात. आपल्या चौकडीतला चौथा पर्याय हवा असेल तर चारही बोटे स्वतः ठेवावी लागतात. त्यातून आमच्या बडोद्याचा कीबोर्डवाला म्हणजे नवरात्रात नऊ रात्री गरब्याच्या मंडपात उभा राहणारा माणूस. तिथल्या वेगात हाताला जी वळणे पडतात तीच त्याला वर्षभर पुरतात. हाताची सवय पुढे आणि कान मागे, असे मग भावगीतातही होते.

त्या दिवशी पडदा पडल्यावर स्टेजवर सतरंज्या गुंडाळल्या जात असताना मी त्या मुलाला फक्त एक बोट हलवायला सांगितले: काळी तीन सोडायची आणि पांढरी पाच धरायची. त्याने कॉर्ड वाजवली आणि तोंड वाकडे केले. “हीच तर चुकीची वाटते कानाला,” तो म्हणाला. गायिका तिथेच आपली वही आवरत होती. तिला मी ती ओळ पुन्हा गायला लावली. ओळ निषादावर येऊन थांबली, खालून तीच ‘चुकीची’ कॉर्ड आली आणि तो मुलगा एकदम गप्प झाला. जी कॉर्ड एकटी वाजवली तेव्हा बोचत होती, ती गळ्याखाली जाऊन बसल्यावर बोचेनाशी झाली, कारण तिच्यातला बोचणारा स्वर तर गायिकाच गात होती.

ती एकटी असताना का बोचते, हे समजले की तिचा उपयोग कसा करावा हेही बरेचसे समजते. लगतच्या दोन पट्ट्यांमधले अंतर म्हणजे एक अर्धस्वर. षड्ज ते कोमल गंधार हे अंतर तीन अर्धस्वरांचे आहे. कोमल गंधार ते पंचम चार अर्धस्वरांचे. पंचम ते शुद्ध निषाद पुन्हा चार. आणि निषादापासून वरच्या सप्तकातला कोमल गंधारही बरोबर चार. म्हणजे षड्ज बाजूला ठेवला तर उरलेले तीन स्वर सप्तकाचे तीन सारखे भाग करतात. अंतरे सारखी असल्यामुळे त्या तिघांपैकी कोणताही एक स्वर ‘मी घर आहे’ असे म्हणू शकत नाही. पाश्चात्त्य संगीतात या तीन स्वरांच्या कॉर्डला ऑगमेंटेड म्हणतात आणि तिचा स्वभावच अधांतरी आहे. आपल्या कॉर्डमध्ये हे अधांतरी त्रिकूट षड्जाच्या पायावर उभे असते: खाली घर पक्के आणि वर सारे तरंगते. त्यात निषाद तार षड्जापासून, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘सा’पासून, अवघ्या अर्ध्या स्वरावर, त्यामुळे तो सतत वर ओढला जातो. पटदीपात निषादावर थांबल्यावर जी ओढ लागते, तीच ओढ ही कॉर्ड चार स्वरांत धरून ठेवते.

यावरून पहिली व्यावहारिक गोष्ट अशी निघते की षड्ज खाली असलाच पाहिजे. बेस गिटार वाजवणारा सोबत नसेल तर डाव्या हाताने मंद्र (खालच्या सप्तकातला) षड्ज धरावा आणि उजव्या हाताने गंधार, पंचम, निषाद. खाली षड्जाऐवजी पंचम ठेवला तर वरचे तेच तीन स्वर पंचमावर आधारलेली ऑगमेंटेड कॉर्ड होतात आणि साऱ्या ओळीचा अर्थ बदलतो. मग ती षड्जावर विसावलेली न राहता षड्जाकडे धाव घेऊ लागते. कधी कधी तेही हवे असते, पण ते जाणूनबुजून व्हावे. दुसरी गोष्ट, निषाद आणि षड्ज शेजारीशेजारी ठेवू नयेत. निषाद षड्जाच्या लगत खाली घेतला तर कॉर्ड कर्कश होते. तोच निषाद षड्जाच्या वर, मधल्या दोन स्वरांच्या पलीकडे ठेवला की ती मोकळी होते. पेटीवर तर हे फारच जाणवते, कारण पेटीचा स्वर आपोआप विरत नाही, भाता चालू आहे तोवर तो तिथेच उभा राहतो.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ती केव्हा सोडावी हा आहे. गायिका निषादावरून तार षड्जावर गेली आणि खाली निषाद तसाच वाजत राहिला, तर पुन्हा घासाघीस सुरू होते, फक्त या वेळी ती निषाद आणि षड्ज यांची. म्हणून गळा षड्जावर जाताक्षणी निषाद उचलावा आणि साधी मायनर ठेवावी. पटदीपात आणखी एक सुंदर सोय आहे: अवरोहात, म्हणजे स्वर उतरताना, धैवत (ध) शुद्ध आहे, तेव्हा निषादाचे बोट धैवतावर आणले की मायनर सिक्स्थ तयार होते आणि निषादाने निर्माण केलेला ताण हलकेच उतरतो. मी माझ्या विद्यार्थ्यांना कॉर्ड एकदम आपटायलाही देत नाही. आधी षड्ज-पंचम, मग गंधार आणि गळा निषादावर पोहोचता पोहोचता शेवटी निषाद, असे स्वर एकामागून एक आले की साथ गाण्याच्या मागून चालते आणि गायकाला रस्ता दाखवण्याचा आव आणत नाही.

हीच चार स्वरांची कॉर्ड अन्य रागांतही बसते, पण डोळे मिटून नव्हे. मधुवंतीत षड्ज, कोमल गंधार, पंचम, शुद्ध निषाद हे चारही स्वर आहेत, तिथे ती चालते, मात्र मध्यम तीव्र आहे हे हाताने लक्षात ठेवायला हवे. मुलतानीतही हे चारही आहेत, पण तिथे रिषभ आणि धैवत कोमल, त्यामुळे सजावट म्हणून शुद्ध रिषभ जोडायची सवय तिथे घातक ठरते. कीरवाणीत धैवत कोमल आहे. म्हणून मी वर सांगितलेली मायनर सिक्स्थची युक्ती तिथे वापरली की राग मोडलाच. शिवरंजनीत निषादच नाही, तिथे ही कॉर्ड म्हणजे घरात शिरलेला अनोळखी माणूस. बागेश्रीत निषाद कोमल, तिथे मायनर सेव्हन्थच योग्य. आणि पिलूत दोन्ही निषाद असल्याने ओळ वर जाते की खाली येते हे पाहून प्रत्येक वेळी निवड करावी लागते. पिलूतल्या एका ठुमरीची साथ नीट जमली तर माणूस या विषयातला बराचसा शिकला असे मी धरते. रागाचे बंधन सैल असलेल्या गीतात मायनर कॉर्ड धरून ठेवायची आणि तिच्यातला एकच स्वर तार षड्ज, शुद्ध निषाद, कोमल निषाद, शुद्ध धैवत असा पायरी-पायरीने उतरवायचा, ही जुनी युक्तीही करता येते. त्या उतरणीतली दुसरी पायरी म्हणजे हीच कॉर्ड. पाश्चात्त्य सुगम संगीतात ती फार आढळते आणि आपल्या कानांनाही ओळखीची आहे. पटदीपात मात्र ती करू नये, कारण तिसऱ्या पायरीवर कोमल निषाद येतो आणि आपण पुन्हा भीमपलासात जाऊन पडतो.

या कॉर्डला भीतीची कॉर्ड म्हणतात असे एका श्रोत्याने मला त्याच दिवशी ऐकवले. त्यात तथ्य नाही असे नाही. १९६० च्या ‘सायको’ या चित्रपटासाठी बर्नार्ड हर्मन यांनी केवळ तंतुवाद्यांवर जे पार्श्वसंगीत रचले, त्यात तिचा वापर इतका ठसला की पाश्चात्त्य अभ्यासकांत तिला ‘हिचकॉक कॉर्ड’ हे नावच पडले. आणि १९६२ पासून गाजत असलेल्या जेम्स बाँडच्या धूनचा शेवटही तिच्यात एक रिषभ मिसळून गिटारवर होतो. परंतु भीती ही त्या चार स्वरांत नसून त्यांच्या वागवण्यात असते: तुटक लय, वर ताणलेली व्हायोलिने आणि समोरच्या पडद्यावर चाललेला प्रकार. पटदीपाच्या आरोहातून मध्यम काढला तर हेच चार स्वर उरतात आणि पटदीप ऐकून कोणी घाबरल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

कार्यक्रमानंतर एका ज्येष्ठ सद्गृहस्थांनी निष्कर्ष काढला की भावगीताला कीबोर्डच नको आणि कॉर्डही नको. ज्या शहरात सयाजीराव महाराजांच्या काळी, १८८६ साली, गायक मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा सुरू झाली, ज्या दरबारात गवयांबरोबर पाश्चात्त्य पद्धतीचा बँडही होता आणि जिथे १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, त्या शहरात हा उपाय मला जरा आखूड वाटतो. पेटीवरही १९४० पासून जवळजवळ तीन दशके आकाशवाणीने बंदी घातली होती. तेवढ्याने पेटी घराघरांतून गेली नाही. मात्र त्या गृहस्थांच्या आक्षेपातला एक भाग मला मान्य आहे. कीबोर्डचे स्वर ठरावीक अंतरांवर बसवलेले असतात आणि तानपुऱ्यावर तयार झालेला गळा तिथे नेमका बसत नाही. कीबोर्डचा कोमल गंधार षड्जापासून ३०० सेंटवर (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) असतो, तर ६:५ या नैसर्गिक प्रमाणाचा ३१६ सेंटच्या आसपास. कीबोर्डचा शुद्ध निषाद ११०० सेंटवर, तर १५:८ या प्रमाणाचा १०८८ सेंटच्या आसपास. म्हणून अशा कॉर्ड हलक्या आवाजात, थोडा वेळ आणि गायकाच्या मागे राहूनच वाजवाव्यात. आणि याच आकड्यांकडे मला परीक्षकांचेही लक्ष वेधायचे आहे. तानपुऱ्याशी जुळलेला त्या मुलीचा निषाद कीबोर्डच्या निषादाच्या तुलनेत झालाच तर किंचित उतरा वाटावा. तो चढा वाटण्याला एकच कारण असू शकते, आणि ते म्हणजे त्याची तुलना खाली वाजणाऱ्या कोमल निषादाशी झाली.

माझी विनंती मर्यादित आहे. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण आयोजकांकडे आहे आणि मागितल्यास ते ऐकायला मिळते. त्या गीताच्या दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटी कीबोर्ड संपूर्ण थांबतो आणि चार मात्रा फक्त तानपुरा आणि ती मुलगी एवढेच ऐकू येतात. तिथे तिने निषाद लावला आहे. परीक्षकांनी तेवढा तुकडा एकदा ऐकावा आणि त्यांना पटल्यास ते वाक्य आपल्या पुढच्या पुरवणीत दुरुस्त करावे. संक्रांतीच्या कार्यक्रमात तीच गायिका आणि तोच वादक पुन्हा एकत्र बसणार आहेत. त्याने मोबाइलमधल्या यादीत ‘मेजर’ परत लिहिले आहे, हे मी स्वतः पाहिले आहे.

आपली,
पेटीची एक शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे